घरच्या मैदानावर मिशिगनकडून हरलेला ओहायो स्टेट सात आठवड्यांत विजेता कसा झाला?

पुण्याच्या एका गृहस्थांची मुलगी ओहायो स्टेट विद्यापीठात शिकायला कोलंबसला गेली आहे. तिच्यामुळे त्यांच्या घरी कॉलेज फुटबॉल पाहिला जाऊ लागला. त्यांनी मला विचारलंय: "२०२४ च्या हंगामात ओहायो स्टेट ३० नोव्हेंबरला मिशिगनकडून १३-१० ने हरला, तोही घरच्या मैदानावर. कोचला काढा अशी ओरड झाली. आणि २० जानेवारी २०२५ ला तोच संघ राष्ट्रीय विजेता झाला. मधल्या दिवसांत नेमकं काय बदललं? ही मुलांची जिद्द होती की पैशाचा जोर? आणि दोन सामने हरलेल्या संघाला खरा विजेता म्हणायचं का?"

मी ओहायोत हायस्कूलच्या मुलांना ऑफेन्सिव्ह लाइन शिकवतो, बरीच वर्षं. त्यामुळे माझं उत्तर क्वार्टरबॅकपासून, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यापासून सुरू होत नाही, त्याच्या पुढे वाकून उभ्या असलेल्या पाच जणांपासून सुरू होतं. थोडक्यात सांगायचं तर मिशिगननंतर खेळाडू बदलले नाहीत आणि कोचही बदलले नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात या संघाची लाइन दोनदा मोडली होती. त्या मोडक्या लाइनकडून होणार नाही ते काम मिशिगनविरुद्ध तिच्याकडून करून घेण्याचा हट्ट झाला, आणि प्ले-ऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, तो हट्ट सोडला. आता हेच सविस्तर सांगतो.

खेळ नवा असणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. चेंडू घेऊन पळायचं, म्हणजे रन, किंवा फेकायचा, म्हणजे पास. घेऊन पळणारा तो रनिंग बॅक, पास झेलणारा तो रिसीव्हर. चेंडू समोरच्याच्या गोल रेषेपलीकडे नेला की टचडाउन, लाथेने खांबांमधून मारला की फील्ड गोल. रन आणि पास दोन्हींसाठी मधले पाच लाइनमन लागतात: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. या पाचांना चेंडू जवळजवळ कधीच हाताळायला मिळत नाही (सेंटर फक्त मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात), आणि त्यांची नावं सहसा चूक झाली तरच ऐकू येतात. कबड्डीत साखळीतला एक हात सुटला की चढाईवाला नेमका तिथूनच निसटतो. लाइनचंही अगदी तसंच. चार जणांनी उत्तम काम केलं आणि पाचवा चुकला तर ते डाउन फुकट जातं.

हंगाम सुरू व्हायच्या आधीची पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षं ओहायो स्टेट मिशिगनकडून हरला होता. जॅक सॉयर, जेटी टुइमोलोआऊ, एमेका एगबुका, ट्रेव्हेयॉन हेंडरसन, डॉनोव्हन जॅक्सन यांना २०२४ च्या सुरुवातीला एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये जाता आलं असतं. तरी ते आणखी एक वर्ष थांबले, कारण त्यांच्यापैकी कुणीही मिशिगनला हरवलेलं नव्हतं. त्यांच्या जोडीला दुसऱ्या विद्यापीठांतून मोठी माणसं आली: कॅन्सस स्टेटचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड, ओल मिसचा रनिंग बॅक क्विन्शॉन जडकिन्स, अलाबामाचा सेफ्टी (बचावाच्या सगळ्यात मागे उभा राहणारा) केलेब डाउन्स आणि अलाबामाचाच सेंटर सेथ मॅकलॉफ्लिन. फ्लोरिडाहून जेरेमाया स्मिथ हा नवखा रिसीव्हर आला, जो पहिल्या सामन्यापासून नवखा वाटलाच नाही. हेड कोच रायन डे यांनी आक्रमणाची सूत्रं चिप केली यांच्याकडे दिली. केली हे यूसीएलएचे हेड कोच होते. ते पद सोडून ते कोऑर्डिनेटर, म्हणजे डावपेच आखणारे सहायक कोच म्हणून आले. डे न्यू हॅम्पशायरला क्वार्टरबॅक होते तेव्हा केली त्यांचे कोच होते, म्हणजे इथे गुरूच शिष्याच्या हाताखाली कामाला आला होता.

पहिले पाच सामने ओहायो स्टेटने सहज खिशात घातले. आयोवाला ३५-७ हरवलं, तेव्हा लाइन काय ताकदीची आहे ते दिसत होतं. डावीकडे जॉश सिमन्स, त्याच्या आत जॅक्सन, मधे मॅकलॉफ्लिन. हे तिघं एकत्र असताना या संघाला मधूनही पळता येत होतं आणि बाहेरूनही.

१२ ऑक्टोबरला युजीनमध्ये ओरेगनशी गाठ पडली. ३२-३१, एका गुणाने पराभव. लोकांना त्या सामन्यातलं शेवटचं नाट्य आठवतं. दहा सेकंद उरले असताना ओरेगनने मैदानात अकराऐवजी बारा खेळाडू उतरवले. दंड फक्त पाच यार्डांचा, पण घड्याळातले चार सेकंद गेले ते गेलेच. पुढच्या डाउनला हॉवर्ड पळत निघाला आणि तो घसरून खाली बसेपर्यंत वेळ संपली. ही पळवाट नंतर नियमाचा खुलासा करून बंद करण्यात आली. माझ्या मते त्या संध्याकाळची खरी किंमत वेगळी होती. सिमन्सचा गुडघा गेला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. एक सामना हरला तर नव्या पद्धतीत भरून काढता येत होता, कारण त्याच वर्षी प्ले-ऑफ चारवरून बारा संघांचा झाला होता. पण लेफ्ट टॅकल पुन्हा उभा करणं तितकं सोपं नसतं.

दोन आठवड्यांनी नेब्रास्काविरुद्ध त्याच्या जागी झेन मिखाल्स्की खेळला. सामना २१-१७ असा कसाबसा जिंकला, जमिनीवरून यार्ड मिळेनात, आणि मिखाल्स्कीही दुखापत होऊन बाहेर गेला. मग प्रशिक्षकांनी डॉनोव्हन जॅक्सनला गार्डवरून टॅकलवर सरकवलं.

टीव्हीवर हा बदल फक्त एक पाऊल बाहेर सरकण्याइतका दिसतो. प्रत्यक्षात तो वेगळाच धंदा आहे. गार्डच्या दोन्ही बाजूंना आपली माणसं असतात. समोरचा डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतला माणूस, हातभर अंतरावर असतो. चेंडू हलला की अर्ध्या सेकंदात धडक होते आणि बळाचा प्रश्न बळाने सुटतो. टॅकलच्या एका बाजूला मात्र मोकळं मैदान असतं. समोरचा पास रशर, म्हणजे क्वार्टरबॅकला पाडायला येणारा, मुद्दाम लांब, बाहेरच्या बाजूला उभा राहतो आणि धावत येतो. त्याला अडवायला टॅकलने मागे सरकायचं असतं: डावा पाय तिरका मागे, उजवा पाय जमिनीला चिकटून ओढत, ढुंगण खाली, खांदे चौकोनी. खांदा एक क्षण आधी वळला की आतली वाट उघडी पडते. हात लवकर टाकला तर समोरचा तो झटकून पुढे जातो, उशिरा टाकला तर तो आधीच छातीत शिरलेला असतो. गार्डवरून टॅकलवर आणलेला प्रत्येक मुलगा मी एकच गोष्ट करताना पाहतो: त्याला धडकेची इतकी सवय असते की तो वाट न बघता पुढे झेपावतो. थांबायला शिकवण्यात आमचा आख्खा ऑगस्ट जातो. जॅक्सनला मिळाला एक आठवडा. आणि समोर कोण, तर पेन स्टेटचा अब्दुल कार्टर, जो पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ जिथे कॉलेजचे खेळाडू निवडतात) तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला.

कार्टरने त्याला सुरुवातीला त्रास दिलाच. पण २ नोव्हेंबरचा तो सामना ओहायो स्टेटने २०-१३ जिंकला, आणि जिंकला तो दोन गोष्टींवर. चौथ्या क्वार्टरमध्ये पेन स्टेटचा चेंडू गोल रेषेपासून तीन यार्डांवर होता. त्यांनी तीनदा मधून रन केला आणि चौथ्यांदा पास, पण चारही वेळा बचावाने त्यांना रोखलं. त्यानंतर पाच मिनिटांहून थोडा जास्त वेळ उरला होता, आणि ओहायो स्टेटने चेंडू परत दिलाच नाही. मधून रन, पुन्हा मधून रन, असं करत घड्याळ संपवलं. जॅक्सन नव्या जागेवर, कार्सन हिन्झमन त्याच्या जागी गार्डवर, आणि मधे मॅकलॉफ्लिन. लाइन शिकवणाऱ्या माणसाला त्या पाच मिनिटांइतकं सुंदर दुसरं काही नाही. मात्र मला वाटतं, पुढच्या चुकीचं बीजही तिथेच पडलं. मोठ्या सामन्यात आपण मधून पळू शकतो अशी खात्री या संघाला त्या दिवशी मिळाली.

ती खात्री ज्याच्यावर उभी होती तो माणूस दोन-अडीच आठवड्यांतच गेला. इंडियानाच्या सामन्याआधी सरावात मॅकलॉफ्लिनची टाचेमागची शीर (अकिलीस टेंडन) तुटली. अलाबामात असताना स्नॅप चुकतात म्हणून या मुलाला खूप बोल लावले गेले होते. कोलंबसमध्ये तो इतका चांगला खेळला की अर्धवट हंगाम खेळूनही देशातल्या सर्वोत्तम सेंटरची रिमिंग्टन ट्रॉफी त्यालाच मिळाली. सेंटर गेला की फक्त एक माणूस जात नाही. समोरचा बचाव कसा उभा आहे ते बघून कोण कुणाला अडवणार हे ओरडून सांगणारा तो असतो. हिन्झमन गार्डवरून सेंटरला गेला. २०२३ मध्ये तोच सेंटर होता आणि हंगामाच्या शेवटी ती जागा त्याच्या हातून गेली होती. रिकाम्या झालेल्या गार्डच्या जागेवर ऑस्टिन सिअरव्हेल्ड आणि ल्यूक मॉन्टगोमेरी. म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी सप्टेंबरच्या लाइनमधली डावी बाजू आणि मध्य, तिन्ही जागा नव्या हातांत होत्या.

इंडियाना तोवर एकही सामना हरला नव्हता. ओहायो स्टेटने त्यांना ३८-१५ असं हरवलं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण तो स्कोअर नीट बघायला हवा होता. केलेब डाउन्सने पंट (पायाने लांब मारून दिलेला चेंडू) पकडून ७९ यार्ड पळत टचडाउन केला, इंडियानाच्या क्वार्टरबॅकला बचावाने पुन्हा पुन्हा पाडलं. नव्या मध्याची खरी परीक्षा त्या दिवशी झालीच नाही.

ती झाली पुढच्या शनिवारी. मिशिगनच्या आठवड्यात कोलंबसमध्ये विद्यापीठाच्या फलकांवरच्या एम या अक्षरावर लाल पट्टीची फुली मारतात. तुमच्या मुलीने ते पाहिलंच असेल. मिशिगन त्या वर्षी सहा जिंकून पाच हरलेला, सामान्य दिसणारा संघ होता. पैजा लावणाऱ्यांनी ओहायो स्टेटला २० गुणांच्या आसपास वर धरलं होतं. मिशिगनचा सर्वोत्तम कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा) विल जॉन्सन दुखापतीमुळे नव्हता. म्हणजे पाससाठी मैदान मोकळं होतं. आणि जिथे मिशिगन भक्कम होता ती जागा म्हणजे बरोबर मध्य: मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोन डिफेन्सिव्ह टॅकल, दोघंही दीडशे किलोच्या घरातले, दोघंही पुढे ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेलेले.

ओहायो स्टेट त्या दोघांच्या अंगावर रन करत राहिला. २६ रनमध्ये ७७ यार्ड, म्हणजे एका रनला जेमतेम तीन. पहिल्या डाउनला मधून दोन यार्ड, दुसऱ्याला एखाद-दुसरा, आणि मग तिसऱ्या डाउनला लांबचा पल्ला, जिथे समोरच्याला पक्कं माहीत असतं की आता पासच येणार. जेरेमाया स्मिथसारखा माणूस दिवसभरात ३५ यार्ड मिळवून परतला. मध्यंतराला १०-१० होतं. त्यानंतर ओहायो स्टेटला एकही गुण मिळाला नाही. हॉवर्डचे दोन पास मिशिगनच्या हातात गेले, जेडेन फील्डिंगचे दोन फील्ड गोल हुकले. बचावाने मिशिगनला पासमधून ६२ यार्ड दिले, यापेक्षा जास्त काय करणार? पण शेवटी मिशिगननेही मधूनच वाट काढली. केलेल मलिंग्जने २७ यार्डांचा रन काढला आणि ४५ सेकंद उरले असताना डॉमिनिक झ्वाडाने २१ यार्डांवरून फील्ड गोल मारला. १३-१०. नंतर मैदानाच्या मधोमध मिशिगनचा झेंडा रोवण्यावरून मारामारी झाली, पोलिसांना मिरपुडीचा फवारा मारावा लागला आणि बिग टेनने, म्हणजे दोन्ही संघ ज्यात खेळतात त्या लीगने, दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड केला.

इतका अनुभवी कोच असं का करतो? माझं उत्तर असं आहे. २०२१ पासून या संघावर एकच आरोप होता: हे देखणे आहेत, वेगवान आहेत, पण दणकट नाहीत. मिशिगनने त्यांना अंगबळावर हरवलं होतं आणि तो डाग डे यांच्या मनाला लागला होता. २०२३ मध्ये नोत्र दामला शेवटच्या क्षणी मधून रन करून हरवल्यावर, आपल्या संघाच्या दणकटपणावर शंका घेणाऱ्या लू होल्ट्झ या जुन्या कोचला डे यांनी मैदानावरूनच, कॅमेऱ्यासमोर, तावातावाने उत्तर दिलं होतं. मिशिगनविरुद्ध मधून पळणं हा त्यांच्यासाठी डावपेच राहिला नव्हता, ते सिद्ध करून दाखवायचं काम झालं होतं. आणि ज्या तिघांच्या भरवशावर ते सिद्ध झालं असतं त्यातला एकही सप्टेंबरच्या जागी उभा नव्हता.

पुढचे तीन आठवडे कोलंबसमध्ये वातावरण वाईट होतं. डे यांचं मिशिगनविरुद्धचं खातं एक विजय आणि चार पराभव असं झालं होतं, आणि एरवी ते जवळजवळ हरतच नाहीत याचा लोकांना विसर पडला होता. संघाची मोठी बैठक झाली, तिथे खेळाडू आणि कोच एकमेकांशी स्पष्ट बोलले, हे पुढे खेळाडूंनीच सांगितलं. त्या बैठकीचं महत्त्व मी कमी करत नाही. पण बैठकीने टेनेसीचा, म्हणजे प्ले-ऑफमधल्या पहिल्याच प्रतिस्पर्ध्याचा, बचाव फुटत नाही. तो फोडायला वेगळा आराखडा लागतो, आणि तो तीन आठवड्यांत तयार झाला.

२१ डिसेंबर, कोलंबस, कडाक्याची थंडी. टेनेसीच्या चाहत्यांनी स्टेडियमचा मोठा भाग नारिंगी केला होता, कारण घरच्यांपैकी अनेकांनी तिकिटं विकून टाकली होती. ओहायो स्टेटने सुरुवातीपासूनच पास फेकायला घेतलं. पहिल्या डाउनला पास, लवकर सुटणारा पास, रिसीव्हर मोकळ्या जागेत. पहिल्या क्वार्टरअखेर २१-०, शेवटी ४२-१७. हॉवर्डचे २९ पैकी २४ पास पूर्ण. लाइनच्या दृष्टीने यात काय घडलं ते सांगतो. दीडशे किलोच्या माणसाला तीन यार्ड मागे ढकलणं आणि त्याला अडीच सेकंद आपल्यासमोर अडवून धरणं, या दोन निराळ्या मागण्या आहेत. ही लाइन दुसरी मागणी पूर्ण करू शकत होती. जॅक्सन आता टॅकलवर थांबायला शिकला होता. आणि पास लागू पडले की बचावाचे मागचे लोक मागे सरकतात, मधली गर्दी कमी होते, मग तोच रन, जो मिशिगनविरुद्ध तीन यार्डांत संपत होता, लांब जातो. रन सोडून दिला नव्हता, त्याचा क्रम बदलला होता.

१ जानेवारीला रोझ बोलमध्ये, म्हणजे प्ले-ऑफच्या पुढच्या फेरीत, याचं सगळ्यात स्वच्छ रूप दिसलं. समोर तोच ओरेगन, अजिंक्य आणि पहिल्या मानांकनाचा. तिसऱ्याच प्लेला स्मिथ ४५ यार्डांचा टचडाउन घेऊन गेला. मग एगबुका, मग पुन्हा स्मिथ, आणि बचाव पासच्या भीतीने पसरला असताना हेंडरसन ६६ यार्ड पळाला. दुसऱ्या क्वार्टरमध्येच ३४-०. शेवट ४१-२१. स्मिथचे १८७ यार्ड. दुसऱ्या बाजूने सॉयर-टुइमोलोआऊच्या टोळीने ओरेगनच्या क्वार्टरबॅकला आठ वेळा पाडलं. बचावाबद्दल इथे सांगायलाच हवं: ऑक्टोबरमध्ये ओरेगनने ३२ गुण काढल्यानंतर कोऑर्डिनेटर जिम नोल्स यांनी आपल्या पद्धतीची फेरमांडणी केली होती. संपूर्ण हंगामात या बचावाने सामन्यागणिक सरासरी १३ च्या आत गुण दिले. आक्रमणाच्या चुका पोटात घालणारा असा बचाव नसता तर मी आज हे उत्तर लिहीतच बसलो नसतो.

टेक्सासविरुद्धचा उपांत्य सामना, १० जानेवारी, माझ्या मांडणीत नीट बसत नाही आणि ते मी लपवणार नाही. टेक्सासने स्मिथला पूर्ण बांधून टाकलं; दिवसभरात एक झेल, तीन यार्ड. लांबचे पास मिळेनात, रन मिळेना. मध्यंतराच्या तोंडावर हेंडरसनला दिलेला एक छोटा स्क्रीन पास ७५ यार्ड गेला, तेवढा दिलासा. बाकी सामना बचावाने जिंकला. २१-१४ असताना टेक्सासचा चेंडू एका यार्डावर आला होता. त्यांनी चेंडू बाहेरच्या बाजूला टाकला आणि सात यार्ड गमावले. चौथ्या डाउनला जॅक सॉयरने क्विन युअर्सच्या हातातून चेंडू उडवला, स्वतः उचलला आणि ८३ यार्ड पळत नेला. युअर्स एकेकाळी ओहायो स्टेटमध्ये सॉयरचा खोलीतला जोडीदार होता. सॉयर कोलंबसच्याच परिसरातला पोरगा, मिशिगनला न हरवता कॉलेज संपलेला. तो पळत असताना माझ्या घरात कुणी खाली बसलेलं नव्हतं.

२० जानेवारीला अटलांटात नोत्र दामविरुद्ध अंतिम सामना. त्यांनी सुरुवातीलाच १८ प्लेची, जवळजवळ दहा मिनिटांची चाल रचून ७-० केलं. त्यावर ओहायो स्टेटने आपल्या पहिल्या चारही चालींवर टचडाउन केले. हॉवर्डचे पहिले १३ पास एकही न चुकता पूर्ण झाले. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच जडकिन्सचा ७० यार्डांचा रन आला, तोही असाच, पासने ताणलेल्या बचावातून. ३१-७. मग नोत्र दाम झुंजत परत आला, ३१-२३.

आणि आता तो प्ले, ज्यात मला सगळा हंगाम दिसतो. अडीच मिनिटांच्या आसपास वेळ उरलेला, आठ गुणांची आघाडी, तिसरा डाउन आणि ११ यार्ड हवे. शंभरातले नव्वद कोच इथे मधून रन करतात, घड्याळ चालू ठेवतात, चेंडू पायाने लांब मारून देतात आणि बचावावर विसंबतात. ३० नोव्हेंबरच्या ओहायो स्टेटने तेच केलं असतं. या ओहायो स्टेटने लाइनला सांगितलं, धरून ठेवा. पाचही जणांनी धरून ठेवलं, हॉवर्डने उजव्या कडेला उंच चेंडू सोडला आणि स्मिथने एकट्या बचावपटूच्या वरून तो घेतला. ५६ यार्ड. नंतर फील्डिंगने, ज्याचे मिशिगनविरुद्ध दोन हुकले होते त्यानेच, ३३ यार्डांवरून फील्ड गोल मारला. ३४-२३.

आता पैशाबद्दल. विद्यापीठाचे ॲथलेटिक डायरेक्टर रॉस ब्यॉर्क यांनीच सांगितलं होतं की या संघातल्या खेळाडूंना नाव आणि प्रतिमेच्या मोबदल्यापोटी साधारण दोन कोटी डॉलर मिळाले. पैसा नसता तर जडकिन्स, डाउन्स आले नसते, कदाचित सॉयर-एगबुकाही थांबले नसते. ते नाकारण्यात अर्थ नाही. त्या वसंतात या संघातले १४ जण एनएफएल ड्राफ्टमध्ये निवडले गेले, चौघं पहिल्या फेरीत, आणि त्या चौघांत सिमन्स आणि जॅक्सन हे दोन लाइनमन आहेत याचा मला विशेष आनंद झाला. पण मिशिगनविरुद्धही हाच, इतकाच महाग संघ मैदानात होता. त्यामुळे तुमच्या प्रश्नातल्या त्या सात आठवड्यांचं उत्तर पैशात सापडत नाही.

दोन पराभवांच्या संघाला विजेता म्हणायचं का? माझ्या मते निःसंकोच म्हणायचं. जुन्या चार संघांच्या पद्धतीत त्यांना जागा मिळणं फार अवघड होतं, हे खरं. पण त्यांनी प्ले-ऑफमध्ये टेनेसी, ओरेगन, टेक्सास आणि नोत्र दाम अशा चौघांना ओळीने हरवलं, पहिल्या फेरीची सुट्टी न घेता. ज्या चार संघांना ती सुट्टी मिळाली होती, ओरेगन, जॉर्जिया, बॉइझी स्टेट आणि ॲरिझोना स्टेट, ते चारही आपला पहिलाच सामना हरले. अर्थात मिशिगनचा पराभव यामुळे पुसला जात नाही. कोलंबसमध्ये आजही २०२४ चा विषय निघाला की आधी करंडकाबद्दल बोलतात, आणि दोन मिनिटांत गाडी १३-१० वर येते. एनएफएल सोडून थांबलेल्या त्या मुलांनी चार वर्षांत एकदाही मिशिगनला हरवलं नाही, ही खंत त्यांनीही बोलून दाखवली आहे, आणि मला ती मनापासून पटते.

तुमच्या मुलीबरोबर सामने पुन्हा बघणार असाल तर आधी मिशिगनचा दुसरा हाफ बघा आणि लगेच रोझ बोलचा पहिला हाफ. दोन्ही वेळा चेंडूकडे बघू नका. स्नॅपच्या क्षणी ७४ क्रमांकाच्या जॅक्सनच्या डाव्या पायाकडे आणि मग सेंटरच्या दोन्ही बाजूंच्या गार्डकडे बघा: ते पुढे जाताहेत की जागेवर धरून आहेत. पहिल्या डाउनला ते काय करतात एवढं जरी टिपलंत तरी दोन सामन्यांतला फरक समालोचकाने सांगायच्या आधी तुम्हाला कळेल.